पाण्यातलं शिखर बुटकंच दिसतं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डोंगरातल्या तळ्यावरच्या सूर्योदयाचा जो अर्ध्या पानाचा रंगीत फोटो आपण छापला, तो मी घडी घालून पाहिला. अक्षरशः घडी घालून. पलीकडच्या काठाची रेघ जिथे आहे तिथे कागद दुमडला आणि खिडकीच्या काचेवर उजेडासमोर धरला. मागच्या पानावरची जाहिरात मध्येमध्ये येत होती, तरी स्पष्ट दिसलं. वरचं शिखर आणि पाण्यातलं शिखर एकमेकांवर तंतोतंत बसलं, सुळक्याच्या टोकापर्यंत. आणि तिथेच मला कळलं की हे पाणी खरं नाही.

मी छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर फोटोग्राफीचा नाद लागला, त्यातही पहाटेच्या तळ्यांचा. गुडघे आता कुरकुरतात, पण ते पुढे सांगते. आधी हा फोटो.

फोटोत अलीकडच्या काठाला एक होडी बांधलेली आहे. तिचा तळ दिसतो, आत पडलेलं वल्हंही दिसतं. म्हणजे छायाचित्रकार पाण्याच्या बराच वर, उंच काठावर उभा आहे. आता गंमत अशी की पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची नुसती उलटी प्रत नसते. कॅमेरा पाण्यापासून जेवढा वर, तेवढ्याच खोलीवर पाण्याखाली दुसरा कॅमेरा ठेवून तिथून वर पाहिलं तर जे दिसेल, ते प्रतिबिंबात दिसतं. खालून पाहिल्यावर जवळची टेकडी मागच्या शिखराला जास्त झाकते, हे कोणीही पायथ्याशी उभं राहून अनुभवलेलं आहे. म्हणून पाण्यातलं शिखर खऱ्या शिखरापेक्षा बुटकं दिसतं. पलीकडच्या काठावरच्या झाडांची उंची जुळेल, दूरच्या शिखराची जुळणार नाही.

किती बुटकं? मी हिशेब करून पाहिला. समजा कॅमेरा पाण्यापासून ३ मीटर वर आहे, पलीकडचा काठ ३०० मीटरवर आहे, आणि शिखर ३ किलोमीटर दूर व पाण्यापासून ९०० मीटर उंच आहे. छापलेल्या फोटोत शिखर काठाच्या रेघेपासून १० सेंटीमीटर वर आलं, तर त्याचं प्रतिबिंब साधारण ९.४ सेंटीमीटर खाली जायला हवं. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक. घडी घातली की तो दिसलाच पाहिजे. आपल्या फोटोत तो केसभरही नाही. कोणीतरी वरचा अर्धा भाग उलटा करून खाली चिकटवला आहे आणि त्यावर थोड्या लाटा ओढल्या आहेत.

एक शंका मी स्वतःच काढली होती. फोटोच्या अगदी खालच्या कडेला, होडीच्या बाजूला, पाण्यात एक गुलाबी ढग आहे आणि वर आकाशात तो कुठेच नाही. ही चूक म्हणून मी पत्रात लिहिणारच होते. मग कागदावर रेघा मारून पाहिल्या आणि खोडलं. असा ढग खराही असू शकतो. पाणी आपल्याला फोटोच्या चौकटीबाहेरचं, डोक्यावरचं आकाशही दाखवतं. तेव्हा त्या ढगाबद्दल माझी तक्रार नाही. उलट, ज्यानं हे केलं त्याला तेवढं तरी माहीत होतं, किंवा तो ढग आधीच्या कुठल्या तरी खऱ्या फोटोतला शिल्लक राहिला.

सावलीचं मात्र काय करायचं? होडीची सावली वाळूवर आपल्या दिशेनं पडली आहे, चांगली ठळक. म्हणजे सूर्य समोर, शिखराच्या मागे. आणि शिखराची आपल्याकडची बाजू गुलाबी उजळलेली आहे. म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी. त्या तळ्यावर त्या दिवशी दोन सूर्य उगवले असावेत.

आपण म्हणाल, बाईंना एवढं काय लागलं? पुरवणीतला एक फोटो तर आहे. तर त्याचं असं झालं. माझा भाचा तेवीस वर्षांचा आहे. त्यानं पहिल्या पगारातून कॅमेरा घेतला आणि गेले दोन महिने तो सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून डोंगरात जातोय. सोमवारी तो आपली पुरवणी घेऊन आला, शेजारी स्वतःचे फोटो ठेवले आणि म्हणाला, "मावशी, माझं पाणी असं काळपट का येतं? हा कॅमेरा विकून दुसरा घेऊ का?" मी त्याचे फोटो पाहिले. उत्तम होते. पाण्यातलं शिखर वरच्यापेक्षा काळसर, पायाशी तळाचे गोटे दिसतायत, सगळं जसं असतं तसं. ज्याचं बरोबर होतं तो स्वतःच्या कॅमेऱ्याला नावं ठेवत होता, आणि चुकीचं होतं ते अर्ध्या पानावर छापून आलं होतं. पत्र लिहायला बसण्याचं कारण एवढंच.

पाणी हा आरसा फार कंजूष आहे. सरळ खाली पाहिलं तर पडलेल्या उजेडातला जेमतेम २ टक्के परत देतो, बाकीचा आत घेतो. म्हणून पायाजवळ तळ दिसतो. नजर पाण्याला जितकी समांतर जाते तितका तो उदार होतो. पाण्याशी २० अंशाचा कोन असेल तर सुमारे १३ टक्के, १० अंशाचा असेल तर जवळजवळ ४० टक्के. फोटोग्राफीच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), १० अंशावरचं प्रतिबिंब खऱ्यापेक्षा एक स्टॉपहून थोडं जास्त अंधारं आणि अलीकडे, २० अंशावर, तीन स्टॉपच्या जवळपास अंधारं. आपल्या फोटोत पाणी आकाशाइतकंच, काही ठिकाणी आकाशापेक्षाही उजळ आहे, आणि आरसा थेट होडीच्या कडेपर्यंत आला आहे. एकदा मी माझाच एक फोटो फ्रेम करून उलटा टांगला होता. तीन दिवस घरात कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. चौथ्या दिवशी येता-जाता खटकलं, कारण वरचा अर्धा भाग खालच्यापेक्षा काळा दिसत होता. तेव्हापासून अशा फोटोची सुलटी बाजू ओळखायची माझी हीच खूण आहे.

फोटोशेजारच्या चौकटीतही "सूर्योदयाच्या वेळी तळ्यावर पोहोचा, सूर्याकडे तोंड करा, पोलरायझर फिल्टर पूर्ण फिरवा" असा सल्ला दिलेला आहे. (पोलरायझर म्हणजे लेन्सवर लावून फिरवायची काच.) तो वाचून जो जाईल तो हात हलवत परत येईल.

पंचांगात किंवा मोबाइलवर दिसणारी सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. डोंगरातल्या तळ्याला सपाट क्षितिज नसतंच. पूर्वेची कड नजरेच्या १५ अंश वर असेल, तर सूर्याला तेवढं चढायला किमान एक तास लागतो, कारण तो तासाला १५ अंशांहून जास्त वेगानं वर चढूच शकत नाही. म्हणजे तळ्यावर ऊन येतं ते छापील वेळेनंतर तासाभरानं. पण समोरच्या, पश्चिमेच्या उंच शिखराला मात्र तो छापील वेळेच्या आसपास, कधी काही मिनिटं आधीच दिसतो. या मधल्या वेळात, शिखर पेटलेलं आणि तळं अजून सावलीत, असा फोटो असतो. आणि तो काढायचा सूर्याकडे पाठ करून. सूर्योदयाचा फोटो पश्चिमेकडे तोंड करून काढतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही थट्टा वाटली होती.

पोलरायझरचंही सांगायला हवं. पाण्यावरची चकाकी काढून तळ दाखवणं हेच त्याचं काम. पाण्याकडे साधारण ३७ अंशाच्या कोनात खाली पाहिलं तर तो प्रतिबिंब जवळजवळ पुसून टाकतो. प्रतिबिंबासाठी चार तास चालत जायचं आणि तिथे पोचून ते पुसायचं! अलीकडचे गोटे दिसावेत म्हणून मी तो थोडासा फिरवते, डोळा लावून, शिखर पाण्यातून जायला लागलं की थांबते. "पूर्ण फिरवा" हा सल्ला कुणी दिला असेल ते कळत नाही.

आता माझी एक पहाट सांगते, म्हणजे या तक्रारीमागे नुसतं गणित नाही हे कळेल.

तळं कुठलं ते सांगत नाही. आधीच्या चार पहाटा वाया गेल्या होत्या. पहिल्या दिवशी ढग. दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ, पण वारा. तिसऱ्या दिवशी धुकं इतकं की ट्रायपॉडचा तिसरा पाय दिसेना. चौथ्या दिवशी सगळं जमलं आणि बॅटरी मेली. थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते हे मी मुलांना शिकवलेलं होतं, तरी कॅमेऱ्यातच ठेवून झोपले. पाचव्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या स्वेटरच्या आतल्या खिशात घेतल्या आणि काळोखातच निघाले.

टॉर्चच्या उजेडात ट्रायपॉड लावला. काठाचा चिखल वरून गोठलेला होता. पाय टेकवला की टणक लागायचा आणि दोन मिनिटांनी आत रुतायचा. म्हणून तिन्ही पायांखाली चपटे दगड शोधून दिले. गुडघ्यांनी तेव्हाच निषेध नोंदवला. कॅमेरा मुद्दाम खाली, पाण्याजवळ घेतला. डोळा लावला की श्वासाची वाफ मागच्या काचेवर जमायची, म्हणून श्वास रोखून पाहायचं, मग बाजूला होऊन सोडायचा.

पाण्यावरून वाफेचे बारीक दोरे वर जात होते. रात्री डोंगरउतारावरची हवा थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखीच खाली वाहत येऊन खोलगटात साठते. तळ्याचं पाणी त्या मानानं उबदार, म्हणून वाफ दिसते. रात्रभर वाहणारा हा उतारावरचा वारा पहाटे मंदावतो. ऊन चढलं की उतार तापतात आणि वारा उलटा, खालून वर वाहू लागतो. या दोन वाऱ्यांच्या मधे कधीतरी पाणी स्थिर होतं. किती वेळ, ते कोणी सांगू शकत नाही. कधी वीस मिनिटं, कधी अजिबात नाही.

आधी पश्चिमेला शिखराच्या खांद्याशी एक राखाडी-निळा पट्टा दिसला आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. सूर्य जसा वर येतो तशी ती खाली बुडते. मला हे दृश्य नंतरच्या सगळ्या पेटलेल्या रंगांहून जास्त आवडतं, पण फोटोत ते कधीच धड येत नाही. मग शिखराच्या टोकावर नखाएवढा लाल ठिपका आला. सपाट किरण हवेतून लांबचा प्रवास करून येतात, वाटेत निळा उजेड विखरून जातो आणि उरतो तो हा लाल. तो ठिपका खाली सरकू लागला. पाण्यात तोच ठिपका वर सरकत होता, अर्थात काळसर.

मी फोकस काठापासून काही हातांवरच्या एका गोट्यावर धरला आणि जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट यावं म्हणून लेन्सचं छिद्र लहान करून एफ ११ वर आणलं. इथे नवखे फसतात. पाण्यातलं शिखर "पाण्यात" नसतं. फोकसच्या दृष्टीनं ते खऱ्या शिखराइतकंच लांब असतं. पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर फोकस करून शिखर अस्पष्ट आलं म्हणून माझ्या भाच्यानं लेन्स दुरुस्तीला टाकली होती. आकाश आणि काठ यांच्यातला फरक एका फोटोत मावत नव्हता, म्हणून तीन एक्स्पोजर घेतली: एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. चौथं घेणार तोच डाव्या बाजूला माशानं तोंड वर काढलं. एकच वर्तुळ. ते सावकाश पसरत मधे आलं आणि पाण्यातलं शिखर कमरेतून मोडलं. मागोमाग वाऱ्याची पहिली झुळूक आली. संपलं. घड्याळ पाहिलं तर ठिपका दिसल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. तळ्यावर ऊन यायला अजून अर्धा-पाऊण तास होता, म्हणजे पुरवणीतला सल्ला ऐकणारा माणूस नुकताच पोचून सूर्याकडे तोंड करून उन्हाची वाट पाहत बसला असता.

ती तीन एक्स्पोजर मी घरी संगणकावर एकत्र केली, हे मोकळेपणानं सांगते. कोणी याला लबाडी म्हणेल. मी म्हणत नाही. माझ्या डोळ्यांना तिथे काठही दिसत होता आणि आकाशही. फोटोग्राफीत हे पहिल्यापासून चालत आलं आहे. फ्रान्समधले गुस्ताव ल ग्रे १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढत. तेव्हाच्या काचांना निळा रंग फार चढायचा, आकाश पांढरंफटक यायचं. म्हणून ते आकाशाची एक आणि समुद्राची दुसरी अशा दोन निगेटिव्ह जोडून एक फोटो छापायचे. अमेरिकेतल्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेवरचा सूर्योदय टिपण्यासाठी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स १९४४ च्या हिवाळ्यात लोन पाइन गावाजवळ चार पहाटा थंडीत उभे राहिले आणि पाचव्या पहाटे त्यांना फोटो मिळाला. (माझ्याही पाच झाल्या, पण तुलना इथेच संपते.) तिथल्या टेकडीवर शाळेच्या मुलांनी गावाच्या नावाची आद्याक्षरं भलीमोठी काढून ठेवली होती. अ‍ॅडम्स यांनी ती फोटोतून घालवली. मला ते फारसं पटलेलं नाही, पण उजेड कुठून येतो ते त्यांनी बदललं नाही. त्या फोटोत एक घोडा आहे, तो चरत होता तो चरतच राहिला.

चित्रकारांचं तर वेगळंच. जपानचे होकुसाई यांनी १८३० च्या सुमारास फुजी पर्वताचं कावागुची तळ्यातलं प्रतिबिंब दाखवणारं एक चित्र केलं. वर पर्वत उन्हाळ्यातला, उघडा खडकाळ. पाण्यातला मात्र बर्फानं माखलेला, आणि तोही नेमका खाली नाही, जरा बाजूला सरकलेला. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मोठ्यानं हसले. केवढा हा खोटेपणा, आणि केवढा उघड! पाहणाऱ्याला फसवायचा त्यात हेतूच नाही.

आपल्या फोटोत तो उघडपणा नाही. फोटोओळीत "पहाटेचं एक दुर्मीळ दृश्य" एवढंच लिहिलं आहे. दुर्मीळ खरंच, कारण ते कोणी पाहिलेलंच नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकनं मुखपृष्ठाच्या उभ्या आकारात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळजवळ सरकवले होते. त्यावर केवढा गदारोळ झाला, तो आजही पत्रकारितेच्या वर्गात सांगितला जातो. तेव्हा त्यासाठी खोलीभर यंत्रं लागत, आता मोबाइलवर बोटानं होतं. म्हणून तर फोटोओळ आता जास्त जपून लिहायला हवी.

एक गोष्ट आपल्या बाजूनं सांगते. त्याच फोटोतल्या पाण्याच्या दुधाळ निळ्या-हिरव्या रंगाला भाच्यानं "हा तर शंभर टक्के खोटा" म्हटलं होतं. तो खोटा असेलच असं नाही. हिमनदी खडक घासत जाते आणि पिठासारखी भुकटी पाण्यात सोडते. ती लवकर तळाशी बसत नाही, तरंगत राहते आणि निळा-हिरवा उजेड विखुरते. कॅनडातल्या मोरेन लेकचा रंग असाच आहे. तिथे पहाटे लागणारी ट्रायपॉडची रांग आणि गाड्यांची गर्दी इतकी वाढली की २०२३ पासून खासगी गाड्यांना तळ्यापर्यंतचा रस्ता बंद केला आहे. तेव्हा रंगाबद्दल मी भाच्याला गप्प केलं. सावलीबद्दल करू शकले नाही.

माझी मागणी मोठी नाही. फोटो कोणाचा, कुठला आणि त्यात काय जोडलं किंवा काढलं हे फोटोओळीत एका वाक्यात द्या. "प्रतिबिंब संगणकावर तयार केलेले" असं लिहिलंत तर माझं काहीच म्हणणं नाही, मी ते होकुसाईंच्या चित्रासारखं पाहीन. आणि सल्ल्याच्या चौकटीची दुरुस्ती छापा: सूर्योदयाच्या तासभर आधी पोहोचा, सूर्याकडे पाठ करा, पोलरायझर अर्धाही फिरवू नका.

सोबत त्या पाचव्या पहाटेच्या फोटोची एक प्रत पाठवते आहे. छापण्यासाठी नाही. उजव्या कोपऱ्यात माझ्या ट्रायपॉडखालचा दगड आला आहे आणि डाव्या बाजूला माशाच्या वर्तुळाची सुरुवात आहे. दोन्ही तसंच ठेवलं आहे. आपल्या कलाविभागातल्या कोणाला तरी पट्टी घेऊन मोजायला सांगा. काठाच्या रेघेपासून शिखर ९.१ सेंटीमीटर आहे. पाण्यातलं ८.७.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)